दिवे, खटके आणि घरी जोडलेला संगणक

संगणक कसा चालतो हे शिकवायचे म्हटले की फळ्यावर चार चौकटी येतात. एकीत 'आदान', दुसरीत 'प्रक्रिया', तिसरीत 'प्रदान' आणि खाली 'स्मृती'. चौकटी बाणांनी जोडल्या की धडा संपतो. मुले आकृती पाठ करतात, परीक्षेत काढतात, गुणही मिळवतात. पण त्या चौकटींच्या आत काय घडते ते मुलांनाही दिसत नाही आणि आपल्यालाही.

एक काळ असा होता की ते दिसत असे, अगदी डोळ्यांनी. १९७५ पासूनच्या सात-आठ वर्षांत अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये हजारो हौशी लोकांनी घरातल्या टेबलावर सुटे भाग पसरून, तारा जोडून, स्वतःच्या हातांनी संगणक तयार केले. आज पन्नास वर्षांनंतरही ही माणसे त्या दिवसांविषयी हळवेपणाने बोलतात. काही जण तर जुन्या यंत्रांच्या नव्या प्रतिकृती जोडत बसतात. खिशातला फोन त्या यंत्रापेक्षा कितीतरी पटींनी सरस असताना ही ओढ कशाची? गेलेल्या तारुण्याची, असे म्हणून विषय संपवता येईल. पण शिकण्याच्या दृष्टीने मोलाचे असे काही त्या यंत्रांत होते, असे आम्हांला वाटते. ते काय होते हे समजण्यासाठी त्यांपैकी एक यंत्र उघडून पाहू.

पाकिटांतून आलेला संगणक

जानेवारी १९७५ च्या 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' या अमेरिकन मासिकाच्या मुखपृष्ठावर एका पेटीचे चित्र होते. पेटीच्या दर्शनी बाजूवर दिव्यांच्या आणि खटक्यांच्या रांगा होत्या. यंत्राचे नाव 'अल्टेअर ८८००'. ते तयार करणारी 'मिट्स' ही न्यू मेक्सिको राज्यातल्या अल्बुकर्की शहरातली छोटी कंपनी होती आणि तिचे प्रमुख होते एड रॉबर्ट्स. गंमत म्हणजे छायाचित्रातली पेटी आतून रिकामी होती. मासिकाकडे पाठवलेले खरे यंत्र वाटेतच गहाळ झाले होते!

सुट्या भागांच्या संचाची किंमत होती ३९७ डॉलर. हा आकडा लोकांना का भुलवून गेला असेल? त्या काळी नुसत्या 'इंटेल ८०८०' या मायक्रोप्रोसेसरची छापील किंमत ३६० डॉलर होती. त्याआधी प्रयोगशाळांत वापरला जाणारा 'पीडीपी-८' हा 'लहान' संगणक १९६५ मध्ये १८,००० डॉलरला मिळत असे. रॉबर्ट्स यांनी प्रोसेसर घाऊक भावात, नगाला ७५ डॉलर देऊन घेतले आणि जोडणीची मजुरी ग्राहकावर सोपवली. वर्षभरात काहीशे संच खपले तरी पुरे, असा त्यांचा हिशेब होता. मागणी हजारोंनी आली.

घरी येत असे ते म्हणजे भागांची पाकिटे, कोरे पीसीबी, पेटी, ट्रान्सफॉर्मर आणि माहितीपुस्तिका. पुढचे काम डाख देण्याचे, म्हणजे सोल्डरिंगचे. त्यासाठी कथील आणि शिसे यांचा मिश्रधातू वापरत. शुद्ध कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, शिसे ३२७ अंशांना. पण ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसे असे प्रमाण घेतले तर मिश्रण १८३ अंशांनाच वितळते. दोन्ही धातूंच्या वितळणबिंदूंपेक्षा हा आकडा खाली आहे, आणि या प्रमाणातले मिश्रण मधल्या मऊ अवस्थेत न रेंगाळता एकदम घट्ट होते. म्हणून नाजूक भाग फार न तापवता पक्का सांधा मिळतो. मात्र तार पुरेशी तापली नाही तर डाख तिच्यावर नुसता बसतो, तिला धरत नाही. वरून सांधा ठीक दिसतो, पण आतून वीज कधी वाहते, कधी वाहत नाही. असे शेकडो सांधे द्यायचे आणि एकही कच्चा राहू द्यायचा नाही, ही पहिली परीक्षा.

पाच अधिक तीन

समजा, सगळे सांधे जमले. आता हे यंत्र करते काय? त्याला पडदा नाही, कळफलक नाही. मूळ संचातली स्मृती होती फक्त २५६ बाइट. पेटीवर १६ खटके एका ओळीत आहेत. खटका वर म्हणजे १, खाली म्हणजे ०. त्यांच्या वर पत्ता दाखवणारे १६ दिवे आणि त्या पत्त्यावरचा मजकूर दाखवणारे ८ दिवे आहेत. यंत्राशी बोलायचे ते एवढ्याच साधनांनी.

स्मृती म्हणजे क्रमांक दिलेल्या घरांची रांग, असे समजू. प्रत्येक घरात ८ द्विमान अंक, म्हणजे एक बाइट मावतो. पत्त्यासाठी १६ तारा असल्याने ८०८० ला जास्तीत जास्त ६५,५३६ घरे मोजता येतात. प्रोसेसरच्या आत काही कप्पे असतात. त्यांपैकी बेरीज-वजाबाकीच्या कप्प्याला 'अ' म्हणू. ५ आणि ३ यांची बेरीज करून उत्तर १६ क्रमांकाच्या घरात ठेवायचे असेल, तर पुढील दहा बाइट भरावे लागतात.

घर ० : ००१११११० (पुढच्या घरातली संख्या 'अ' मध्ये घे)
घर १ : ०००००१०१ (५)
घर २ : ११०००११० (पुढच्या घरातली संख्या 'अ' मध्ये मिळव)
घर ३ : ००००००११ (३)
घर ४ : ००११००१० ('अ' मधली संख्या पुढे दिलेल्या पत्त्यावर ठेव)
घर ५ : ०००१०००० (पत्त्याचा खालचा भाग, १६)
घर ६ : ०००००००० (पत्त्याचा वरचा भाग, ०)
घर ७ : ११००००११ (पुढे दिलेल्या पत्त्यावर जा)
घर ८ : ०००००००० (पत्त्याचा खालचा भाग)
घर ९ : ०००००००० (पत्त्याचा वरचा भाग)

पत्ता १६ अंकी असल्याने त्याला दोन घरे लागतात आणि ८०८० मध्ये खालचा भाग आधी लिहितात.

भरण्याची रीत अशी. सगळे खटके खाली करून 'तपासा' हा खटका दाबला की यंत्र शून्य क्रमांकाच्या घरापाशी येते. मग उजवीकडच्या आठ खटक्यांवर पहिला बाइट मांडून 'ठेवा' दाबायचे. दुसरा बाइट मांडून 'पुढच्या घरात ठेवा' दाबायचे. असे दहा वेळा. एकूण ८० अंक बोटांनी मांडून झाले की पुन्हा शून्य घरापाशी येऊन 'चालवा' दाबायचे. दिवे झगमगतात. 'थांबवा' दाबून १६ क्रमांकाचे घर तपासले, की उजवीकडून चौथा दिवा एकटाच लागलेला दिसतो. ००००१०००, म्हणजे आठ!

एवढ्या खटाटोपानंतर पाच अधिक तीन आठ! पण क्षणभर थांबून हिशेब करू. वरच्या चार आज्ञांना अनुक्रमे ७, ७, १३ आणि १० असे एकूण ३७ ठोके लागतात. ८०८० चे घड्याळ सेकंदाला २० लाख ठोके देते. शेवटची आज्ञा पुन्हा शून्य घराकडे पाठवते, म्हणून 'चालवा' आणि 'थांबवा' यांच्यामधल्या प्रत्येक सेकंदात यंत्र तीच बेरीज सुमारे ५४ हजार वेळा करते. स्मृतीच्या चिप मंद असल्या तर थोडी कमी. खटके वर-खाली करून दमलेल्या माणसाला हा वेग आकड्यात वाचावा लागत नसे, तो बोटांना कळत असे.

चूक नेमकी कुठे?

प्रत्यक्षात पहिल्या प्रयत्नात यंत्र चालणे हा अपवादच. मग शोध सुरू होई, आणि खरे शिक्षण इथेच घडे. यंत्र चुकते तेव्हा दोष तीन ठिकाणी असू शकतो : जोडणीत, एखाद्या चिपमध्ये किंवा आपल्या आज्ञावलीत. त्यांतला कोणता हे ठरवायचे कसे?

एक साधी युक्ती पाहा. एकाच घरात १, २, ४, ८, १६, ३२, ६४ आणि १२८ या संख्या पाळीपाळीने ठेवायच्या आणि लगेच वाचून पाहायच्या. द्विमान पद्धतीत यांतल्या प्रत्येक संख्येत १ हा अंक एकदाच येतो. त्यामुळे प्रत्येक संख्या एकेका तारेची परीक्षा घेते. ८ ठेवले आणि एकही दिवा लागला नाही, तर चौथ्या तारेत, तिच्या दिव्यात किंवा तिच्या स्मृतीत खोट. एकाऐवजी शेजारशेजारचे दोन दिवे लागले, तर डाखाचा थेंब दोन तारांना चिकटला असण्याची शक्यता मोठी. आठ चाचण्यांत आठही तारा तपासून होतात, आणि यासाठी गुणिले दोनच्या पाढ्याहून अवघड गणित लागत नाही.

दोष शोधण्याची ही शिस्त पुस्तकातून क्वचितच येते. समोरचे यंत्र बंद आहे, ते आपणच जोडले आहे आणि उत्तर सांगणारे जवळ कोणी नाही, अशा वेळी माणूस एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायला शिकतो.

कधीकधी या शोधात भलतेच काही हाती लागे. १९७५ सालीच कॅलिफोर्नियातल्या स्टीव्ह डॉम्पियर यांच्या लक्षात आले, की अल्टेअर चालू असताना शेजारचा रेडिओ खरखरतो आणि आज्ञावली बदलली की खरखरही बदलते. याचे कारण आपल्याला भौतिकशास्त्रात सापडेल. तारांमधला विद्युतप्रवाह वेगाने बदलला की विद्युतचुंबकीय लहरी बाहेर पडतात आणि मिडियम वेव्हचा रेडिओ त्या पकडतो. आज्ञांची एखादी फेरी सेकंदाला ४४० वेळा होईल अशी बेतली, तर रेडिओतून ४४० हर्ट्झचा सूर निघेल. त्यासाठी एका फेरीला २० लाख भागिले ४४०, म्हणजे सुमारे ४,५४५ ठोके लागायला हवेत. डॉम्पियर यांनी असे एकेक सूर जुळवून बीटल्सचे एक गाणे हौशी मंडळींच्या सभेत वाजवून दाखवले. ज्या यंत्रातून आवाज काढण्याची काहीच सोय नव्हती त्याने गाणे म्हटले.

खटके पडद्याआड गेले

ही सभा 'होमब्रू कॉम्प्युटर क्लब'ची. तिची पहिली बैठक ५ मार्च १९७५ रोजी मेन्लो पार्क या गावी गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये झाली होती. सभासद आपली सर्किटे एकमेकांना दाखवत, अडचणी मांडत, आकृत्या वाटत. त्यांतल्या स्टीव्ह वॉझ्नियाक यांनी २५ डॉलरला मिळणारा '६५०२' हा प्रोसेसर घेऊन वेगळ्या बांधणीचा संगणक तयार केला आणि त्याची आकृती क्लबात फुकट वाटली. १९७६ मध्ये तो 'अ‍ॅपल १' या नावाने ६६६.६६ डॉलरला विकला गेला. मिळे तो जोडलेला पीसीबी. पेटी, ट्रान्सफॉर्मर, कळफलक आणि टीव्ही ज्याचे त्याने आणायचे.

वॉझ्नियाक यांनी खटक्यांची फळी काढून टाकली होती. तिच्या जागी २५६ बाइटची एक आज्ञावली चिपमध्ये कायमची भरून ठेवली. यंत्र सुरू केले की ती कळफलक वाचे आणि टीव्हीवर अक्षरे उमटवी. खटक्यांचे काम आता आज्ञावली करू लागली. सोय झाली, पण यंत्राचा एक थर पहिल्यांदाच नजरेआड गेला.

पुढे हे थर वाढत गेले. इंग्लंडमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी १९८० मध्ये 'झेडएक्स ८०' हा संगणक आणला. सुट्या भागांचा संच ७९.९५ पौंडांना, तयार यंत्र ९९.९५ पौंडांना. वर्षभराने आलेल्या 'झेडएक्स ८१' च्या संचाची किंमत ४९.९५ पौंडांवर उतरली. आधीच्या यंत्रात २१ चिप होत्या, यात फक्त ४. डाख देण्याचे काम खूप कमी झाले आणि त्याबरोबर पाहण्यासारखेही कमी उरले. पूर्वी सुट्या चिपमध्ये वाटलेले काम आता एका काळ्या ठोकळ्यात बंद झाले होते.

यात कोणाची चूक नव्हती, हे लक्षात घ्यायला हवे. थर झाकले गेले म्हणूनच संगणक अभियंत्याच्या टेबलावरून दुकानदाराच्या, डॉक्टरच्या आणि शाळकरी मुलांच्या हाती आला. खटके मांडणे ज्याला जमेल त्यानेच संगणक वापरावा, असा नियम राहिला असता तर बहुतेक जग बाहेरच राहिले असते. अल्टेअरचे युग पैसे, वेळ आणि इलेक्ट्रॉनिक्सची माहिती असलेल्या थोड्या लोकांचे होते. जुन्या आठवणींत हे बरेचदा विसरले जाते.

आपल्याकडे

आपल्याकडे ही लाट तशी आलीच नाही. आयातीवर निर्बंध होते आणि डॉलर मिळवणे कठीण होते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत भाग आणून रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर जोडणारे हौशी मात्र पुष्कळ होते. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारच्या 'क्लास' योजनेतून निवडक शाळांत 'बीबीसी मायक्रो' हे संगणक आले. ते इंग्लंडमध्ये शिक्षणासाठीच तयार झाले होते आणि सुरू करताच आज्ञावली लिहायला सज्ज असत.

खटक्यांच्या यंत्राची सर्वांत जवळची नातलग आपल्याकडे पॉलिटेक्निक आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत होती. ती म्हणजे '८०८५ किट'. १९७६ मधल्या या प्रोसेसरला ८०८० च्या सर्व आज्ञा कळतात. त्यावर खटक्यांऐवजी सोळा अंकांची कळपाटी आणि लाल रंगात उजळणारे आकडे असत. चार द्विमान अंकांसाठी एक चिन्ह वापरले, की ००१११११० चे '३ई' होते. वर दिलेली बेरीज '३ई, ०५, सी६, ०३' अशी बोटांनी भरणारे विद्यार्थी महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या झाले. त्यांतल्या कोणाला विचारून पाहा. बाकीचा अभ्यासक्रम विसरलेला असला तरी '३ई' म्हणजे काय हे बहुधा आठवत असते.

ओढ कशाची?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. ८० अंक हाताने मांडण्यात सुख नव्हते. वीज गेली की ते सगळे पुसले जाई. त्या कष्टांसाठी हळहळण्याचे कारण नाही. मोलाचे होते ते हे, की यंत्रात बंद खोली नव्हती. खटक्यापासून दिव्यापर्यंतची वाट एका माणसाला सबंध डोक्यात ठेवता येत होती. ८०८० मध्ये काही हजार ट्रान्झिस्टर होते, आजच्या चांगल्या फोनच्या चिपमध्ये हजार कोटींहून अधिक असतात. ती सबंध कोणाही एकाच्या डोक्यात मावणार नाही.

याचा परिणाम शिक्षणावर होतो का? केंब्रिज विद्यापीठात २००५ च्या सुमारास एबन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आले, की संगणकशास्त्राला अर्ज करणाऱ्यांची संख्या घटते आहे आणि येणाऱ्यांची पूर्वतयारीही. ऐंशीच्या दशकातली मुले घरच्या संगणकावर आज्ञावली लिहून आलेली असत, नंतरच्या मुलांनी तयार यंत्रे नुसती वापरली होती. यावर उपाय म्हणून २९ फेब्रुवारी २०१२ रोजी 'रास्पबेरी पाय' हा उघडा, स्वस्त, पत्त्याच्या आकाराचा संगणक बाजारात आला. तो कोट्यवधींनी खपला. दुसरीकडे, १९७६ पासून हौशी मंडळींचा आवडता असलेला 'झेड ८०' हा प्रोसेसर सुट्या चिपच्या रूपात बनवणे थांबवत असल्याचे त्याच्या उत्पादकांनी २०२४ मध्ये जाहीर केले. जुनी यंत्रे जाणारच. त्यांच्यातले शिकवण्याचे सामर्थ्य टिकवता येते, आणि त्यासाठी चिपसुद्धा लागत नाही.

वर्गात करून पाहा

दहा खुर्च्या ओळीत मांडा आणि त्यांना ० ते ९ क्रमांक द्या. अकरावी खुर्ची जरा दूर ठेवून तिला १६ क्रमांक द्या. वरचे दहा बाइट चिठ्ठ्यांवर लिहून मुलांच्या हाती द्या. खुर्ची १६ च्या हाती कोरी चिठ्ठी. एक विद्यार्थी 'प्रोसेसर' होईल, त्याच्याजवळ पाटी म्हणजे कप्पा 'अ'. दुसरा 'गणक' होईल आणि आता कोणते घर वाचायचे ते बोटाने दाखवील. फळ्यावर फक्त चार आज्ञांचे अर्थ लिहा. प्रोसेसर झालेल्या मुलाला आपण बेरीज करणार आहोत हे सांगू नका. त्याने चिठ्ठी वाचायची, फळा पाहायचा आणि सांगितले तेवढेच करायचे. शेवटी १६ व्या खुर्चीवरची चिठ्ठी सगळ्यांना दाखवा.

मग गणकाला शून्याऐवजी खुर्ची १ पासून सुरुवात करायला सांगा. आता प्रोसेसर ५ ही संख्या आज्ञा म्हणून वाचील आणि फळ्यावर ती सापडणार नाही. खऱ्या ८०८० मध्ये या बाइटचा अर्थ 'ब कप्प्यातली संख्या एकाने कमी कर' असा आहे. यंत्र निमूटपणे तसे करील आणि पहिल्या फेरीचे उत्तर चुकेल. संख्या आणि आज्ञा स्मृतीत अगदी सारख्याच दिसतात, कोणती काय आहे हे फक्त वाचण्याच्या वेळेवर ठरते. मुले आपसांत वाद घालतील, घालू द्या.

प्रयोगशाळेत सोय असेल तर '५५५' ही आयसी, '७४९३' हा द्विमान गणक, चार एलईडी आणि त्यांचे रोधक घेऊन ० ते १५ मोजणारे दिवे जोडता येतील. पुरवठा ५ व्होल्टचा घ्या आणि ठोका सेकंदाला एक ठेवा. वर्गातल्या गणकाचे बोट जे करत होते, तेच काम हे दिवे करताना दिसतील. नंतर ठोका हळूहळू जलद करत न्या. काही वेळाने दिव्यांची उघडझाप डोळ्यांना वेगळी ओळखू येईनाशी होईल. दिवे मात्र मोजतच असतील, आणि काय मोजत आहेत हे त्या मुलांना ठाऊक असेल.